भुताने मारलेली हाक

“आजी, हसू नका ना! तुम्ही मेलेल्या आहात.”

दिग्दर्शक चैतन्यने पुन्हा हात जोडले. पांढराफटक मेकअप केलेल्या रुक्मिणीबाईंनी ओठ घट्ट मिटले, तरी खांदे हलतच होते.

घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीत भुताच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. भर दुपारी जिन्याच्या खिडक्यांना काळी कापडं लावून रात्र केली होती. भूत होणारी नटी तापाने फणफणली म्हणून आली नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या किडकिडीत रुक्मिणीबाई चैतन्यच्या नजरेत भरल्या.

कामावर निघालेला त्यांचा मुलगा राजेश वैतागला होता. “आई, भूत? बिल्डिंगमध्ये लोक काय म्हणतील?”

“म्हणूंदेत. माका आजपर्यंत कोणी काय विचारूक नाय. आज विचारल्यानी, तर करतंय.”

काम सोपं होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून भुताने आपल्या मेलेल्या नवऱ्याला, विक्रमला, हाक मारायची, ती ऐकून खालून येणाऱ्या नायिकेने किंचाळायचं.

“ए विक्रम!” रुक्मिणीबाई ओरडल्या. भाजीवाल्याला थांबवावं तशी हाक. लाइटवाले हसले. नायिकाही पायरीवर बसून हसायला लागली.

चैतन्यची असिस्टंट तेजल त्यांच्याजवळ आली. “आजी, विक्रम जाऊ दे. आजोबांचं नाव काय होतं?”

“काशीराम.” नाव घेताना त्या लाजल्या. “पण तेंका नावान कधी हाक मारूक नाय गो. लग्नात उखाण्यात घेतलंय, तेवढाच. नायतर आपला ‘अवो, ऐकलात काय?’”

“मग आज मारा.”

दिवे मंद झाले. रुक्मिणीबाईंनी कठडा धरला आणि खाली पाहिलं. गिरणी बंद पडल्यावर काशीराम वॉचमन झाला. ड्यूटी संपवून तो हाच जिना चढायचा, प्रत्येक मजल्यावर दम खात. गेल्या वर्षी मासळी आणतो म्हणून उतरला आणि बाजारातच कोसळला. तो परत वर आलाच नाही.

“काशीराम...”

आवाज जेमतेम फुटला. मग त्या थोड्या वाकल्या.

“काशीराम, वर येवा ना.”

नायिका किंचाळायची विसरली. कॅमेरा बंद करा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

“आजी, झकास! अंगावर काटा आला,” शेवटी चैतन्य म्हणाला.

“बरा नाय झाला तर परत करू?” रुक्मिणीबाईंनी उत्साहाने विचारलं.

सिनेमा लागला तेव्हा सगळी बिल्डिंग मुलुंडच्या थिएटरात लोटली. पडद्यावर ती हाक घुमली आणि पोरं किंचाळली, कुणाचं तरी पॉपकॉर्न उधळलं, पाठोपाठ हशा पिकला. त्या गोंधळात राजेशने शेजारी वळून आईकडे पाहिलं.

रुक्मिणीबाई सरळ बसल्या होत्या. काशीराम जिना चढून घरात आला की घ्यायच्या, तसा त्यांनी हळूच डोक्यावरून पदर घेतला.