दोघींचा माग

पौषातली सकाळ. येवल्याच्या कौलांवरून ओघळणारी कोवळी, कांचनकांती उन्हं झरोक्यातून आत येत आणि कोष्ट्यांच्या त्या घरात थेट मागावर जाऊन बसत. रेशीम उजळे, जर लखलखे. अर्धविणल्या पदरावर निळ्या-हिरव्या धाग्यांचा एक मोर मानेपर्यंत येऊन थांबला होता. दिवाळीपासून तसाच थांबला होता, बिचारा!

थांबणारच. त्याला विणणारी वेणू रंगवलेलं रेशीम वाळत घालायला गच्चीवर गेली आणि कठड्यावरून कोसळली. जीव वाचला, पण कमरेखालचे पाय परके झाले. काय पाय होते तिचे! मागाच्या खड्ड्यात पावड्या दाबत नाचत: उजवा, डावा, उजवा, डावा, आणि वर बोटांतून मयूर उमलत. आता बोटं तीच, नजर तीच. पण पावडी दाबल्याविना ताण्याचे उभे धागे उघडत नाहीत, आणि ते उघडल्याविना आडवा धागा शिरत नाही.

खाटेवरून ती मोराकडे बघे. मोर तिच्याकडे बघत नसे. त्याला अजून डोळाच फुटला नव्हता.

नवरा भागवत मायाळू माणूस. "पदर कुणाकडून तरी पुरा करून घेऊ," तो म्हणाला, "साडी उतरली की माग काढून टाकू. तुझ्या चाकाच्या खुर्चीला वळायला जागा होईल."

बोलला प्रेमानंच.  पण माग गेला की या घरात आपण नुसत्या जेवायला उरणार, हे वेणूला लख्ख दिसलं. भिंतीकडे तोंड करून ती रडली.

तेव्हा उठली चांगुणाबाई, तिची सासू. हात कापरे, जीभ तिखट. बोटांच्या कंपापायी तिचं विणणं केव्हाच सुटलं होतं.

"रडतेस काय गं भवाने? बोटं शाबूत आहेत ना तुझी? मग पाय माझे घे!"

भागवतानं वेणूला उचलून मागाच्या फळीवर बसवलं, पाठीशी उशी दिली, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधलं. शेजारी सासू खड्ड्यात पाय सोडून बसली. एका फळीवर दोघी, एका मागावर दोघी.

पण चांगुणाबाईनं उभी हयात साडीचं साधं अंग विणलेलं. पाय सवयीनं धावणारे. मोराला मात्र थांबावं लागतं. एकेका रंगाची इवली कांडी धाग्यात धागा अडकवत पुढे न्यावी लागते. वेणूचे हात निळ्यातून हिरव्यात पोचतात न पोचतात, तोच खट्! पावडी दबली. मोराच्या मानेत सुरी फिरवावी तशी चीर पडली. दुपारभर दोघी उसवत बसल्या.

"मी म्हटलं नव्हतं, कुणाकडून तरी करून घेऊ?" भागवत हळूच म्हणाला.  खाली लोंबणाऱ्या आपल्या पायांचा वेणूला विलक्षण राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं रीत बदलली. "आत्याबाई, तुम्ही मागाकडे बघूच नका. रंगाला रंग अडकला की मी कोपर लावीन. कोपर लागलं की पाय."

"घ्या! सुनेचं कोपर खायचं तेवढं राहिलं होतं!" असं म्हणत म्हातारीनं डोळे मिटले.

मग काय विचारता! कोपर, पाय, खट्. कोपर, पाय, खट्. नीलवर्ण चढला, हरितवर्ण चढला, जरीची सुवर्णरेषा त्यांना बिलगून चढली. कोपर, पाय, खट्. मान वळली, चोच आली, तुरा आला. आणि एका संथ, शीतल सकाळी त्या मोराला डोळा फुटला. शाबास गं वेणू! म्हातारीनं डोळे उघडून पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही.

साडी उतरवायचा दिवस आला. भागवत कात्री घेऊन आला. कोष्ट्याच्या घरात ती कुठे चालते, याला फार अर्थ. मागाच्या फणीत ओवलेले जुने धागे टीचभर राखले, तर त्यांनाच नव्या ताण्याचे धागे सांधतात, आणि माग चालू राहतो. फणी रिकामी केली, तर माग संपला. वेणू कात्रीच्या टोकाकडे बघत राहिली. 

भागवत वाकला. मोरापाशी क्षणभर घुटमळला. मग टीचभर धागे राखून त्यानं कात्री चालवली.

"आणि खुर्चीला वळायला जागा रे?" म्हातारीनं विचारलं.

"खाट काढू ओसरीवर," तो म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसून नवा ताणा आणायला गेला.

वेणू हसली, रडली, पुन्हा हसली. जुन्या धाग्याचं टोक तिनं चिमटीत धरलं, नव्या धाग्याचं टोक त्याला भिडवलं, पीळ दिला, हलकेच ओढून पाहिलं. गाठ पक्की बसली होती.