हळदीतलं पितळी बटण

साहेब, चेंबरवर झाकण नव्हतं, आणि तक्रार घेऊन आलेल्या पोरीला तुम्ही विचारलंत, "फांदी होती ना?" पालिकेच्या खुर्चीत बसून, चहाचा घोट घेत विचारलंत. गटाराच्या उघड्या तोंडात झाडाची एक फांदी खोचली की तुमच्या खात्याचं काम झालं. त्यातूनही जो पडेल तो आंधळा, आणि तुम्ही मोकळे.

ती पोर आंधळी नव्हती, साहेब. ती उलटी चालत होती. लग्नात फोटो काढणारे वरातीपुढे उलटेच चालतात. नवरदेव पुढे येतो आणि ते त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकतात. ठाकुर्लीच्या त्या वळणावर बँजोवाल्यांच्या गाडीला आड येते म्हणून कुणीतरी फांदी उपटून फेकली, आणि मागे सरकणारी कल्पिता थेट चेंबरात गेली. जातानाही तिने डाव्या हाताने कॅमेरा वर धरला आणि उजव्याने चेंबरची कड पकडली. कॅमेऱ्याला ओरखडा आला नाही. तर्जनी मात्र गंजक्या लोखंडाने चिरली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी बोट शिवलं. बोट राहिलं, पण शेंड्याची जाणीव गेली. गरम तवा काय नि बर्फ काय, शेंड्याला सगळं सारखंच.

आणि फोटो काढणाऱ्याचा जीव त्या शेंड्यातच असतो. शटरचं बटण धाडकन दाबायचं नसतं. आधी अर्धं दाबायचं, कॅमेरा माणसावर नजर ठरवतो; मग क्षण आला की उरलेलं दाबायचं. ते अर्धं कुठे संपतं हे डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं. कल्पिताच्या बोटाला ते कळेना. फोटो आधी निघायचा, नाहीतर हसू ओसरल्यावर.

डोंबिवलीत ती ज्याच्या स्टुडिओत काम करायची तो संदेश मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"कल्पे, तू आता अल्बम लाव. कॉम्प्युटरला तुझं बोट चालतं."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेऱ्याला डोळा लागतो, तसं बोटपण लागतं. राग नको मानू."

राग तिने मानलाच. अल्बमही लावले. दुसऱ्यांनी काढलेले वाकडे फोटो सरळ करत बसली आणि दर फोटोला मनातल्या मनात एक शिवी घातली.

मग एकदा कल्याणला, जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात, काचेखाली तिला ते दिसलं. शर्टाच्या गुंडीएवढं पितळी बटण, खाली आटे पाडलेली बारीक दांडी. तिच्या कॅमेऱ्याच्या शटरला मधोमध आट्यांचं छिद्र होतं. ते कशाला ठेवलंय हे तिने आजवर कुणाला विचारलंच नव्हतं. ते यासाठी होतं! फिरवून बसवलं की शटर तांदळाच्या दाण्याएवढं उंच होतं, रुंदही होतं. मग शेंड्याने टोचायची गरज नाही. बोट आडवं टाकायचं आणि पेराने दाबायचं.

पेरात तिची जाणीव शाबूत होती. दुकानातच तिने दाबून बघितलं. अर्धं. थांबली. मग पूर्ण. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, दुसऱ्या रंगात दाखवू का?" दुकानदार घाबरून म्हणाला.

पण सुख असं सरळ हातात पडलं तर ते सुख कसलं? बटण सारखं ढिलं व्हायचं. रिक्षात पडलं, पिशवीच्या तळाशी सापडलं, एकदा तर डब्यातल्या भाजीत निघालं. संदेशने झटपट चिकटणारा गोंद पुढे केला. "एक थेंब टाक, जन्मात नाही निघणार."

"तेच तर. खाली ओघळला तर शटरच चिकटून बसेल. मग कॅमेऱ्याची वरात काढ तू."

तिने आट्यांवर शिवणाचा दोरा गुंडाळला आणि बटण फिरवून बसवलं. ते घट्ट बसलं. कॅमेरा हलवला, झटकला, घरात उलटी चालून बघितलं. पडलं नाही. तिला वाटलं, जमलं.

तेवढ्यात समृद्धीचं लग्न निघालं. समृद्धी तिच्या आळीतली, लहानपणापासूनची मैत्रीण. तिने घरात सांगून टाकलं, "फोटो कल्पी काढेल. नाहीतर मी हळदीला बसतच नाही." संदेश दुसरा कॅमेरा गळ्यात अडकवून आला. "मी बाजूला उभा आहे," तो म्हणाला. "एक जरी चुकलं ना, तर मी पुढे. आणि मग परत हट्ट नाही करायचा, कायमचं टेबलावर." कल्पिताने मान हलवली.

मांडवाकडे जाताना ते चेंबर लागलं. झाकण नव्हतं. फांदी नवी होती, या खेपेला करंजाची.

आम्हा आगऱ्यांकडे धवलारीण धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाते तेव्हा हळद चढते. तुळसामावशी गायला बसली. देवांना आवतण सुरू झालं. गाणं संपलं की पहिली हळद नवरीच्या कपाळाला. ती एकदाच लागते, फोटोसाठी पुन्हा लावत नाहीत. त्या क्षणासाठी कल्पिता गुडघ्यावर टेकली.

"अगं, फोटोवाली कोरडीच!" कुणीतरी काकू ओरडली. झालं! चार हात आले, तेलात कालवलेली हळद कल्पिताच्या गालांना, मनगटांना, बोटांना, कॅमेऱ्यालाही. आमच्याकडे कुणाला सोडत नाहीत. हे ती जन्मापासून बघत आली होती, तरी दोरा गुंडाळताना तेल तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोरा तेल प्यायला, सुटला, आणि पितळी बटण हळदीच्या ताटात बुडालं.

पिवळ्यात पिवळं. ती हाताने ताट चाचपू लागली.

"सर बाजूला," संदेश पुढे आला. "मी काढतो."

"नाही."

"अगं, वेळ कुठंय?"

तुळसामावशीने गाता गाता एक डोळा उघडला. दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यावा तसं बोलली, "आगो कल्पे, जा. माझं देव अजून मोप बाकी हान." आणि तिने खाडीपलीकडच्या गावदेवीला आवतण धाडलं, मग तिच्या बहिणींना.

बटण सापडलं. कल्पिता मांडवामागे पळाली, आचाऱ्यांच्या पाण्याच्या पिंपाकडे. पिंपाला तात्पुरता नळ लावला होता आणि नळवाल्याची पांढरी टेफलॉनची पट्टी तिथेच पडली होती. तिने ओढणीच्या कोरड्या टोकाने आटे पुसले, छिद्रही पुसलं, पट्टी गुंडाळली, फिरवली. पट्टी गोळा होऊन बाहेर आली. उलटी गुंडाळली होती! बटण ज्या दिशेने आवळतं त्याच दिशेने पट्टी जायला हवी. पुन्हा, एक वेढा, वर अर्धा, जास्त नाही. फिरवलं. बटण कुरकुरत आत गेलं आणि बसलं.

ती परत आली तेव्हा मावशी कुठल्याशा आडगावच्या वेताळापर्यंत पोचली होती. कल्पिता टेकली. मावशीने धवला संपवला. समृद्धीच्या आईचा हात वर आला. कल्पिताने पेर टेकवलं. अर्धं. कॅमेऱ्याची नजर ठरली. हळद कपाळाला लागली, समृद्धीने डोळे मिटले, आणि त्याच क्षणी पूर्ण.

संदेशने मागून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. मग गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत टाकला.

"परवा त्याच वळणावरून वरात आहे," तो म्हणाला. "तू पुढे जा. मी तुझ्या पाठीमागे चालतो. पुढं बघत."

आणि साहेब, मग तुम्ही आलात. आमच्या हळदीला सगळे मोठे येतात. तुम्ही नवरीशेजारी उभे राहिलात, कोट नीट केलात. फोटोवालीला ओळखलंत, साहेब? चेहरा हळदीने पिवळा होता, तुमची चूक नाही.

"बाई, काढा लवकर," तुम्ही म्हणालात. "आणि ते पिवळं काय लावलंय कॅमेऱ्याला?"

"बटण आहे. पडू नये म्हणून घट्ट बसवलंय. नळाच्या पट्टीने, मी स्वतः." तिने डोळा कॅमेऱ्यावरून हलवला नाही. "तुमच्या चेंबरात बोट गेलं, म्हणून लागतं."

तुम्ही हसायला गेलात. "अच्छा, तुम्ही त्या... पण तिथे फांदी..."

"फांदी आहे. आज करंजाची आहे. परवा मी पुन्हा उलटी चालणार आहे, साहेब." मांडवात आवाज उतरला. तुळसामावशीही ऐकू लागली. "हलू नका. मी अर्धं दाबलंय, तुम्ही पक्के दिसताय. झाकण कधी बसवताय ते बोला, म्हणजे उरलेलं दाबते. बोला, कधी?"