साहेबांचं समाधान होईपर्यंत

मित्रांनो, माझी चाकं आता फिरत नाहीत, म्हणून उभ्या जागेवरूनच बोलतो. मी टेम्पो आहे. एके काळी निळा होतो. आता कुठला रंग उरला आहे ते पाहणाऱ्यानं ठरवावं. माझी गोष्ट गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणार नाही. माझ्या मनात राग आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगाला नव्या रबराचा वास येत होता. हरसूलच्या खंडेरावांनी मला घेतलं. घरी आणल्यावर त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि खंडेरावांना बजावलं, "लेकरावानी चालवा त्याला. घाटात रेटू नका."

खंडेरावांनी मला खरंच लेकरासारखं चालवलं. रोज सकाळी ते मला स्वतः पुसायचे. मी हरसूल आणि पेठच्या डोंगरातली नागली, तांदूळ, आंबे नाशिकच्या बाजारात न्यायचो. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे खोके असायचे. ते नेताना खंडेराव प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागितल्यासारखे हळू व्हायचे. पण माझा खरा मान मालामुळं नव्हता. वाडीवस्तीवर कुणी आजारी पडलं, कुणा बाईला कळा सुरू झाल्या, की लोक खंडेरावांच्या दारात यायचे. मागच्या हौद्यात गोधडी अंथरायची, पेशंट झोपवायचा आणि घाट ओलांडून नाशिकचा दवाखाना गाठायचा. माझ्या हौद्यात तर एक मुलगी जन्मलीही आहे. तिच्या आजीनं जाताना माझ्या दाराला हात लावून नमस्कार केला होता. एवढा मान फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येतो.

मग एका सकाळी पेठ रोडला कर खात्याच्या तपासणी पथकानं आम्हाला हात केला.

पथकाचे प्रमुख होते ज्ञानेश दातीर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्यात स्ट्रॉबेरी होती. खंडेरावांनी सगळे कागद दाखवले. ते नीट होते. दातीरसाहेबांनी ते पाहिले, परत दिले आणि म्हणाले, "गाडी आत घ्या."

"कशापायी साहेब? काय कमी हाय का?"

"संशय आहे."

"कसला संशय? खोकं उघडून बघा ना. ताजा माल हाय, उन्हानं जाईल."

"तू मला शिकवणार?" दातीरसाहेबांचा आवाज चढला. आजूबाजूला चार ट्रकवाले उभे होते, ते पाहत होते. "कारण नंतर लिहू. माझं समाधान होईपर्यंत गाडी हलणार नाही. माफी माग, मग बघू."

खंडेरावांनी कागद खिशात ठेवले. मग म्हणाले, "चुकलो असतो तर पाया पडलो असतो साहेब. चुकलोच नाय, तर माफी कशाची मागू?"

मित्रांनो, माझा गुन्हा तेवढाच होता. माझ्या मालकानं खोटी माफी मागितली नाही.

मला नाशिकबाहेरच्या, खात्याच्या एका कंपाउंडमध्ये उभं केलं. चावी तिथल्याच ऑफिसात साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेली. स्ट्रॉबेरी माझ्या पोटात सडली. तिचा लाल रस फळ्यांमधून गळत राहिला, त्यावर माशा बसत राहिल्या. शेवटी सडके खोके उतरवून फेकून दिले गेले. खंडेराव रोज एसटीनं यायचे, फाटकाबाहेर उन्हात उभे राहायचे आणि साहेबांना भेटू द्या म्हणायचे. साहेब मीटिंगमध्ये असायचे, नाहीतर दौऱ्यावर. फाटकावर चिमाजी नावाचे म्हातारे वॉचमन होते. ते खंडेरावांना स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचे. खंडेराव अर्धी खायचे आणि लांबूनच माझ्याकडे बघायचे.

एका दुपारी ते तिथंच फाटकाला धरून खाली बसले. छातीवर हात होता. चेहरा घामानं भिजला होता. चिमाजी धावले, त्यांना सावलीत ओढलं, पाणी पाजलं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेली. रस्त्यावरची रिक्षा थांबेना. मी समोरच उभा होतो. टाकीत डिझेल होतं, बॅटरी जिवंत होती, हौदा रिकामा होता. चिमाजींनी साहेबांना फोन लावला. त्यांचा शब्दन् शब्द मी ऐकला.

"साहेब, माणूस पडलाय. चावी द्यायला सांगा, ह्याच गाडीत घालून नेतो. जाऊन लगेच परत आणतो."

पलीकडून काय उत्तर आलं, ते चिमाजींच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी फोन खाली घेतला आणि पुटपुटले, "आदेशाशिवाय गाडी हलवायची नाही म्हणतात."

ज्या गाडीनं अख्ख्या डोंगराचे पेशंट दवाखान्यात पोचवले, ती आपल्या मालकासाठी हातभरसुद्धा हलू शकली नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी पावसाळे मी त्या कंपाउंडमध्ये काढले. टायर बसले. सीटमध्ये उंदरांनी घर केलं. हौद्यात गवत उगवलं. गंज कसा चढतो, माहीत आहे? आधी कडेला लागतो, मग आत शिरतो. माझा रागही तसाच आत शिरला. रोज मी एकच चित्र रंगवायचो. उतारावर मी आहे, ब्रेक सुटलाय आणि समोर पांढरा शर्ट आहे.

सगुणाबाईंनी मात्र नुसती चित्रं रंगवली नाहीत. त्या कोर्टात गेल्या. त्यांची मुलगी तेजस्विनी तेव्हा नाशिकला कॉलेजात होती. मायलेकी तारखांना येत राहिल्या. शेवटी कोर्टानं विचारलं, गाडी कोणत्या कारणानं अडवली? कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. गाडी सोडा, असा हुकूम झाला. दातीरसाहेबांना मात्र कुणी काही विचारलं नाही. ते सन्मानानं रिटायर झाले होते, त्यांना शालही मिळाली होती.

क्रेननं ओढून मला द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये आणलं. गॅरेजवाला म्हणाला, "मावशी, इंजिन गेलंय. पण बॉडी ठोकून, रंग मारून देतो. चकाचक करतो."

"नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "एक डागबी पुसायचा नाय. हाय तसा राहू दे."

त्यांनी माझ्या गंजलेल्या दारावर हात ठेवला. मला तेव्हाच कळलं की ह्या बाईच्या आणि माझ्या मनात एकच गोष्ट आहे.

संधी दिल्लीहून आली. देशभरच्या करवसुलीसाठी एक नवी राष्ट्रीय संस्था स्थापन करायची, असं विधेयक संसदेत आलं होतं. तेजस्विनीनं गॅरेजात बसून आईला ते समजावलं. "आई, ह्यात एक कलम आहे. अधिकाऱ्याला संशय आला तर त्यानं गाडी अडवायची, आणि त्याचं समाधान होईपर्यंत अडवून ठेवायची."

सगुणाबाईंनी मान वर केली. "काय म्हणालीस? परत वाच."

तेजस्विनीनं परत वाचलं. मग हळूच म्हणाली, "आणि लोकांचं म्हणणं ऐकायला खासदारांची समिती नाशिकला येतेय. तज्ज्ञ म्हणून बोलणार आहेत... ज्ञानेश दातीर. नव्या संस्थेवर त्यांची नेमणूक होणार, असं पेपरात आलंय."

"क्रेनवाल्याला फोन लाव," सगुणाबाई म्हणाल्या.

सुनावणी सरकारी विश्रामगृहात होती. मला ओढत आणून पोर्चसमोर सोडलं. पोलीस धावत आले. सगुणाबाई माझ्या बोनेटला पाठ लावून उभ्या राहिल्या. "लोकांचं ऐकायला आल्यात ना? मग मी लोकच हाय. माझा पुरावा हितं हाय, तो आत मावत नाय."

उघड्या खिडक्यांतून माइकवरचा आवाज बाहेर येत होता. दातीरसाहेब बोलत होते. तोच आवाज होता, फक्त मऊ झालेला. "प्रामाणिक माणसाला ह्या कलमाची भीती वाटण्याचं कारणच नाही," ते म्हणाले.

समितीत उत्तराताई नावाच्या एक खासदार होत्या. बाहेरचा गलका ऐकून त्या उठल्या आणि पोर्चमध्ये आल्या. त्यांच्या मागून बाकीचे आले. सगळ्यात शेवटी दातीरसाहेब.

सगुणाबाईंनी सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. खंडेराव कुठं उभे राहायचे, कुठं पडले, चावी कुठं होती, सगळं. सांगून झाल्यावर त्या दातीरसाहेबांकडं वळल्या.

"साहेब, एकच इचारते. तुमचं समाधान कधी झालं? माल सडला तवा, का माणूस गेला तवा?"

दातीरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे पाहा, अशी हजारो प्रकरणं असतात. मला ही गाडी आठवत नाही."

"फोन मीच केला होता साहेब." सगुणाबाईंबरोबर आलेले चिमाजी गर्दीतून पुढं आले. ते आता फारच वाकले होते. "तुम्ही म्हणालात, आदेशाशिवाय गाडी हलवायची नाही. मग म्हणालात, जेवताना फोन करत जाऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य चिमाजींनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सगुणाबाईंनाही नाही. ते ऐकून सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. उत्तराताई माझ्याजवळ आल्या आणि हौद्याच्या फळ्यांवरच्या काळ्या डागांवर त्यांनी बोट फिरवलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"स्ट्रॉबेरी," तेजस्विनी म्हणाली.

विधेयक सभागृहात चर्चेला आलं, त्या दिवशी गॅरेजमधली सगळी कामं थांबली. तेजस्विनीनं मोबाइल माझ्या बोनेटवर उभा केला. मंत्री हिंदीत बोलले आणि, खोटं कशाला बोलू, ते मूर्खासारखं बोलले नाहीत. ते म्हणाले की खोट्या बिलांवर माल फिरवणारे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळून जातात. अधिकारी कारणं लिहीत बसला तर गाडी हाती लागणार नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याचंही त्यात नुकसानच होतं. बाकं वाजली.

मग उत्तराताई उठल्या. त्या मराठीतून बोलल्या. त्यांनी हरसूलच्या खंडेरावांचं नाव घेतलं. देशाच्या सभागृहात माझ्या मालकाचं नाव घुमलं आणि गॅरेजमधल्या पोरांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. तेवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, एका टेम्पोसाठी देशाचा कायदा थांबवायचा का? काही जण हसले. ते हसणं माझ्या पत्र्यात अजून आहे.

"हो, थांबवायचा," उत्तराताई म्हणाल्या. "संस्था स्थापन करा. तिला दात द्या, नखं द्या. कर चुकवणाऱ्याला सोडू नका. पण माणसाला अडवाल तर का अडवलं ते तिथल्या तिथं लिहून त्याच्या हातात द्या. तेवढं लिहायला हात जड होत असेल, तर त्या हातात चावी देऊ नका."

आता कुणी हसलं नाही. पुष्कळ वादावादी झाली. सत्ताधारी बाकांवरचेही दोघे-तिघे उठून उत्तराताईंच्या बाजूनं बोलले. शेवटी मंत्र्यांनी दुरुस्ती मान्य केली. कारण लगेच लेखी द्यायचं. नाशवंत माल अडवायचा नाही. जिवाचा प्रश्न असेल तर गाडी आधी सोडायची, आणि ह्यात कसूर झाली तर त्या अधिकाऱ्यानं स्वतः जबाब द्यायचा. कायदा मंजूर झाला, संस्था स्थापन झाली. नेमणुकांच्या यादीत दातीरसाहेब नव्हते.

गॅरेजवाल्यानं पेढे आणले. तेजस्विनी आईच्या गळ्यात पडली. "आई, जिंकलो आपण."

"कायदा जिंकला," सगुणाबाई म्हणाल्या. "माझं राहिलंय."

मित्रांनो, त्यांनी काय केलं ते ऐका. दातीरसाहेबांच्या बंगल्यासमोर रस्त्याच्या पलीकडं एक मोकळा प्लॉट आहे. सगुणाबाईंनी तो रीतसर भाड्यानं घेतला आणि मला तिथं आणून उभं केलं, तोंड बंगल्याच्या फाटकाकडं करून. रोज सकाळी त्या माझ्या हौद्यात नागली, तांदूळ आणि हंगामात स्ट्रॉबेरी मांडतात. कॉलनीतले लोक येतात. कुणीतरी विचारतंच, "मावशी, गाडीची अशी दशा कशानं झाली?" आणि सगुणाबाई समोर बोट दाखवून शांतपणे सगळी हकिगत सांगतात. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

आता साहेब सकाळी फिरायला जात नाहीत. गच्चीत येत नाहीत. समोरच्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला असतो. मला वाईट वाटतं का? नाही वाटत. मी त्या पडद्याकडं पाहत राहतो, आणि तो किंचित हलला की मला बरं वाटतं.

परवा फाटक उघडलं. दातीरसाहेब बाहेर आले. अंगात साधा बनियन होता. एका हातात पाण्यानं भरलेली बादली, दुसऱ्या हातात फडकं. किती म्हातारे झाले होते! रस्ता ओलांडून ते माझ्यासमोर उभे राहिले. सगुणाबाईंकडं त्यांना बघवेना.

"बाई," ते म्हणाले, "धुऊन देतो गाडी. रोज येऊन धुईन. एवढं तरी करू द्या."

बादलीतलं पाणी हिंदकळत होतं. तेजस्विनी आईकडं बघू लागली. "आई, आता बास ना," ती पुटपुटली.

"हात लावायचा नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "गाडीला तहान न्हवती साहेब. उन्हात माणूस उभा होता."

साहेबांनी फडकं बादलीत टाकलं. मग भरली बादली घेऊन परत गेले. त्या दिवशी सगुणाबाईंनी एकाही गिऱ्हाइकाला माल दिला नाही. माझ्या पायरीवर पदर तोंडाला लावून त्या बसून राहिल्या. मी पाहिलं. पण माझा राग तरीही तसूभर कमी झाला नाही.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील की आम्हाला पुसा, तेल-पाणी करा, आमच्यावर माया करा. माझी तशी काही मागणी नाही. उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन एखाद्या नाक्यावर उभं राहील. कुणाला अडवावं लागलंच तर जरूर अडवा. पण आधी त्याला सावलीत बसवा, पाणी विचारा, आणि का अडवलं ते त्याच्या डोळ्यांत बघून सांगा. एवढंही जमणार नसेल, तर एखाद्या सकाळी तुमच्याही फाटकासमोर माझ्यासारखी कुणीतरी गंजकी गाडी येऊन उभी राहील. तिला इंजिन नसेल, त्यामुळं ती कुठं जाणारही नाही.