तुला सोडणार नाही

हॉलमध्ये दोन रॅक होते, तीन बेंच, पाच बार आणि भिंतीशी ओळीने लावलेल्या बेचाळीस प्लेटा. तीन बेंचपैकी दोन वापरात होते. तिसरा, खिडकीजवळचा, मोडलेला नव्हता की फाटलेला नव्हता, पण तीन वर्षांत त्याला कुणी पाठ टेकवली नव्हती. लोक त्याच्यावर टॉवेल आणि पिशव्या ठेवायचे. एखादा नवखा तिथे आडवा व्हायला गेला की जुन्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणायचं, "तो नको, दुसरा घे."

रोज सकाळी जिम उघडली की ताई हे सगळं मोजायची. वडिलांची सवय होती ती. जिम आधी वडिलांची होती, मग तिची आणि धाकट्या भावाची, आणि भाऊ गेल्यापासून तिची एकटीची. वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत.

त्या दिवशी मोजणी प्लेटांपर्यंत आली होती तेवढ्यात दारात कपाट येऊन उभा राहिला.

कपाट हे नाव भावानेच ठेवलेलं. जिमच्या अरुंद दारातून आत यायला गडी थोडा तिरका व्हायचा. आज तो सरळ आत आला. खटल्याच्या दिवसांत तो निम्मा उरला होता आणि अजून पुरता भरला नव्हता.

"ताई, येऊ का?"

"आलासच की."

त्याने बूट काढले, पुन्हा घातले, मग नुसताच उभा राहिला. "रविवारी विभागाची स्पर्धा आहे. बेंच प्रेस. मी नाव दिलंय. संघटनेचे लोक म्हणाले, कोर्टाने निर्दोष म्हटलंय, तर अडवणारे आम्ही कोण."

"मग अडलंय कुठे?"

"डोक्याशी उभं राहायला आपला माणूस आपणच आणायचा असतो. मला माणूस नाही." तो खाली बघत बोलत होता. "चार जणांना विचारलं. एकाची पाठ दुखते, एकाच्या घरी पाहुणे. यंदा नाही जमलं तर बार कायमचा खाली ठेवतो. चाळिशी आली."

ताई प्लेटा सरळ करत राहिली. कोपऱ्यात हातपाय मोकळे करणारे बँकवाले काका मात्र बोलले. वीस वर्षं येत होते. त्यांना बोलायला कुणाची परवानगी लागत नसे.

"अरे, कोर्टाने सोडलं ते बरंच झालं. पण म्हणून लगेच डोक्यावर घ्यायचं का तुला? या घराचा तरी विचार कर."

"डोक्यावर नका घेऊ, काका. डोक्याशी उभं राहा, एवढंच म्हणतोय."

"मी? मला सिलिंडर उचलवत नाही घरचा."

कुणीच हसलं नाही. ताई म्हणाली, "विचार करून सांगते," आणि पुन्हा पहिल्या प्लेटेपासून मोजायला लागली.

बेंच प्रेसमध्ये एक जण बाकावर उताणा झोपतो आणि छातीवरचा बार वर ढकलतो. दुसरा त्याच्या डोक्याशी उभा राहतो, खांबांवरून बार उचलून त्याच्या हातात देतो, आणि पुढे काही बिनसलंच तर धरायला हात तयार ठेवतो. ताईच्या वडिलांनी सगळ्यांना शिकवलं होतं की बार देताना म्हणायचं, "सोडणार नाही." झोपलेल्याने दोन्ही हातांनी पक्का धरला की तो म्हणणार, "सोड." मग सोडायचा. सोडणार नाही म्हणायचं आणि लगेच सोडायचं, यावर नवी मुलं खिदळायची. वडील म्हणायचे, हसा, पण म्हणा.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खिडकीजवळच्या बेंचवर भाऊ होता आणि डोक्याशी कपाट. हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं. संघातली एकच जागा दोघांना हवी होती आणि त्याच आठवड्यात दोघांचं सगळ्यांसमोर कडाक्याचं वाजलं होतं. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "तुला सोडणार नाही," आणि पाठोपाठ मोठा आवाज. बार भावाच्या गळ्यावर पडला होता.

लॉन्ड्रीवाला खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने जे ऐकलं ते कोर्टात सांगितलं. ताईने सांगितलं की हा आमचा रोजचा शब्द आहे. सरकारी वकिलाने विचारलं, "रोज 'तुला' लावता?" ती म्हणाली, "नाही, नुसतं 'सोडणार नाही'." "मग त्या दिवशी 'तुला' का?" तिने सांगितलं, "माहीत नाही." तेच खरं होतं.

पुढे तज्ज्ञ आले. भाऊ अंगठे बारच्या खालून न घेता बाहेर ठेवायचा. वडिलांनी जन्मभर रागावून पाहिलं होतं. तसा धरलेला बार तळहातावरून घसरला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत गळ्याशी येतो. डोक्याशी उभ्या माणसाचे हात तोवर हलायला लागलेले असतात, एवढंच. हे दाखवायला तज्ज्ञाने सरकारी वकिलाला एक पट्टी पकडायला लावली होती आणि ती दोन्ही वेळा त्यांच्या बोटांतून निसटली होती. कपाट निर्दोष ठरला. ताईचं 'माहीत नाही' मात्र जिथल्या तिथे राहिलं.

दुपारी ती घरी गेली तेव्हा आई मटार सोलत होती.

"तो आला होता म्हणे," आई म्हणाली. बँकवाल्यांची बायको आणि आई रोज फोनवर असत.

"बार द्यायला माणूस हवाय त्याला."

"आणि तो माणूस तू?" आईने शेंग इतकी जोरात दाबली की दाणे ताटाबाहेर उडाले. "त्याने खावं-प्यावं, नोकरी करावी, लग्न करावं. मी कुणाच्या पोटावर उठले नाही. पण तोच खेळ? तशाच बाकावर? लोक म्हणतील, बहीणच विसरली."

ताईने शिवणाच्या डब्यातली पट्टी काढली. तीस सेंटिमीटरची. "आई, हात पुढे कर. अंगठा आणि बोट असं उघडं ठेव. मी वरून सोडते, तू पकड."

"हे काय खूळ आता?"

"कर तर खरं."

आई कोर्टात एकदाही आली नव्हती. तिने हात पुसून पुढे केला. ताईने पट्टी सोडली. आईची बोटं मिटली तेव्हा पट्टी फरशीवर वाजली होती.

"सांगितलं नाहीस आधी. पुन्हा सोड."

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आई पुढे सरकून बसली, डोळे पट्टीवर रोवले, ओठ आवळले. पट्टी फरशीवर.

"अगं, मी मुद्दाम नाही सोडली," आई म्हणाली.

मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. तिने बोटं उघडली, पुन्हा मिटली. ताईने फरशीवरचे दाणे वेचले.

"रविवारी डबा करून देऊ का?" आईने शेवटी विचारलं. "तुझ्यापुरताच हं."

शनिवारी ताईने खिडकीजवळच्या बेंचवरचे टॉवेल उचलले. "रविवारच्या आधी एकदा बघू," ती कपाटाला म्हणाली. तो आडवा झाला. तिने बार उचलून त्याच्या हातात दिला. वडिलांचा तो शब्द मात्र ती म्हणाली नाही. त्याने "सोड" म्हटलं, पण खाली न आणताच बार परत खांबांवर टेकवला.

"ताई, म्हण ना ते."

"तू सांग आधी. 'तुला' का लावलंस?"

तो उठून बसला. "चेष्टा केली."

"काय?"

"आठवडाभर आम्ही बोलत नव्हतो. मला मिटवायचं होतं. माफी मागायला जीभ वळेना. म्हणून बार देताना डोळे वटारले आणि म्हणालो, 'तुला सोडणार नाही.' त्याला कळलं. हसला तो. पोट धरून हसतात ना, तसा, झोपल्या झोपल्या. म्हणाला, 'सोड रे कपाटा,' आणि मी सोडला." त्याने तळहात मांड्यांवर घासले. "हसताना हललाच असेल तो. अंगठे बाहेरच होते. मी बघायला हवे होते."

"हे कोर्टात सांगितलं नाहीस."

"वकील म्हणाले, खुनाच्या खटल्यात विनोद सांगू नकोस."

ताई खांबाला धरून उभी राहिली. तीन वर्षं ती भावाचा शेवटचा चेहरा मनात आणायची तेव्हा तो घाबरलेला असायचा. आता तो हसायला लागला. तिला ते बरं वाटलं आणि सहनही झालं नाही, दोन्ही एकदमच.

"उद्या सकाळी लवकर ये," ती म्हणाली. "आणि नीट जेव. अंगावरचे कपडे लोंबतायत."

रविवारी स्पर्धेचा हॉल निम्मा भरला होता. कपाटाचं नाव पुकारलं तेव्हा तिथे टाळ्याही झाल्या नाहीत आणि शिट्ट्याही. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "सुटलेला तोच ना हा?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "गप रे, बघू दे." समोर आणि दोन्ही बाजूंना तीन पंच बसले होते. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिवा दाबला की उचल मान्य.

कपाट आडवा झाला. त्याला डोक्याशी ताईचा चेहरा उलटा दिसत असणार.

"अंगठे," ताई म्हणाली.

त्याने अंगठे बारखालून घेतले. तिने वाकून दोन्ही बघितले, आधी उजवा, मग डावा. मग त्याच्या जोडीने बार उचलला, खांद्यांच्या वर आणला आणि डोळे वटारले.

"तुला सोडणार नाही."

त्याच्या नाकपुड्या हलल्या. हसू आलं होतं. त्याने ते जाऊ दिलं आणि एक पूर्ण श्वास घेतला.

"सोड, ताई."

तिने सोडला.

एकशे पासष्ट किलो. पांढरे दोन, लाल एक.