फिलूसाठी विनंती

"गोणपाटात नका गुंडाळू तिला, फादर. टोचंल." सगुणामावशीनं आपलं धुवट लुगडं पुढं केलं.

एकसष्ट साल. मी तेव्हा लग्नाची झाले होते. मुळशीतल्या आमच्या छोट्या चर्चमधून संत फिलोमिनेची मूर्ती कायमची निघाली होती. रोमहून हुकूम आला होता, या संतिणीचा सण यापुढे पाळायचा नाही. ती होऊन गेली याचा पुरावाच भक्कम नव्हता म्हणे. पुण्याहून एस.टी.नं येणाऱ्या फादरांनीच हे सांगितलं.

मावशीचे यजमान कोंडाजीकाका दारातूनच म्हणाले, "म्हंजे तलाठ्यावानी हिची बी बदली झाली म्हना की."

मावशी हसली नाही. या संतिणीला नवस बोलून तिला मुलगी झाली होती. म्हणून नाव फिलोमिना, घरात फिलू. फिलू गोवरात गेली तेव्हा मावशीनं मूर्तीपुढं पदर पसरला होता, "तुज्या नावाची हाय, तूच संबाळ." त्या एका बोलण्यावर ती जगत आली होती.

"फादर, मग माजी पोर आता कुनापाशी हाय?"

"सगुणाबाई, संत म्हणजे देव नव्हेत. ते आपल्यासाठी देवाजवळ विनंती करतात, एवढंच. आता संत अंतोनीला सांगा."

"त्यांची नि तिची वळख न्हाई."

फादर थकले होते. "अहो, बाप्तिस्मा झालेलं लेकरू सरळ स्वर्गात जातं. आणि स्वर्गात आहे तो संतच. तुमच्या फिलूला कुणाचा वशिला नको."

"संतच? नक्की?"

"नक्की," म्हणून फादर गाडी गाठायला निघाले. मूर्ती एस.टी.च्या टपावर चढली. लुगडं काही परत आलं नाही.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, धरणाच्या पाण्याकडेच्या कबरस्तानात आम्ही जमलो. फादर एकेका संताचं नाव घेत होते आणि प्रत्येक नावामागून आम्ही गुडघे टेकून म्हणत होतो, "आमच्यासाठी विनंती कर." शेवटचं नाव झालं. तेवढ्यात मावशी मोठ्यानं म्हणाली,

"संत फिलू."

सवयीनं आमची तोंडं उघडली. मग सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं आणि ती मिटली. फादर मान खाली घालून पुस्तकाचं पुढचं पान शोधू लागले.

"गप की. लोकं बगत्यात," काकांनी तिला कोपरानं ढोसलं.

मावशी जरा वेळ वाट बघत राहिली. मग एकटीच म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर," आणि गुडघ्यांची माती न झटकता उठली.