मानांग क्रिस्पुलाच्या पुंगळ्या

जपान्यांनी आमचं गाव घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटाच्या डोंगरात लपून लढत होतो. बंदुका होत्या, काडतुसं माणशी चार. कॅप्टननं हुकूम काढला, की गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी फेकायची नाही, पुन्हा दारू भरायला मानांग क्रिस्पुलाकडे पोचवायची.

क्रिस्पुला सोनारीण. थोरली म्हणून सगळे तिला मानांग म्हणायचे. नवरा वारल्यावर त्याची फुंकणी तिनं हातात घेतली आणि वीस वर्षं गावातल्या नवऱ्या मुलींची कर्णफुलं घडवली. मी शिवणकाम करणारी. डोंगरात तिच्या हाताखाली लागले.

पुंगळ्यांचं पहिलं पोतं सार्जंट एउतिकियोनं आणलं. युद्धाआधी तो फौजेच्या शस्त्रागारात होता. पोतं ओतून तो म्हणाला, "ह्या एकदाच उडवायला बनवलेल्या असतात. पुन्हा भरल्या तर फुटतील, आणि धरणाऱ्याच्या डोळ्यात जाईल. ही कर्णफुलं नव्हेत, मानांग."

"मग पहिल्या मीच झाडून बघते," ती म्हणाली.

त्याचं खोटं नव्हतं. पहिल्या बारांपैकी आठवीचं तोंड फाटलं आणि मानांगचा गाल भाजला. मी पाणी आणायला धावले, तर मानांग ती पुंगळी उन्हात धरून फट बघत बसलेली. म्हणाली, धातू कडक झालाय, बाकी काही नाही. तार न तापवता ठोकत राहिलं की अशीच तडकते.

तेव्हापासून ती भरण्याआधी प्रत्येक पुंगळीचं तोंड ज्योतीवर धरायची. बूड बोटांत. बोटाला चटका बसायच्या आत बाजूला. नगराध्यक्षांच्या घरातून आणलेले पडद्यांचे पितळी गज कापून, घासून आम्ही गोळ्या केल्या. पण खरी विद्या कानाची होती. दोन पुंगळ्या तळहातावर खुळखुळवायच्या. चांगली खणखणीत वाजते, तडकलेली बद्द. मानांग मला डोळे मिटायला लावायची आणि चुकले की टपली मारायची. महिन्याभरात टपल्या थांबल्या.

एक दिवस एउतिकियोनं तीस पुंगळ्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाला, यात तडकलेल्या मिसळल्यात, काढून दाखव. मी डोळे मिटून तीन काढल्या.

तो हसला. "मी दोनच टाकल्या होत्या, पोरी."

मानांगनं तिसरी उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडात फिरवली, नखानं चाचपली. तोंडापाशी केसाएवढी चीर होती. मग मानांगच्या गालावरच्या डागाकडे बघत म्हणाला, "उद्यापासून नवीन भरलेल्या मी झाडून बघेन."

पावसाळ्याआधी नदीच्या उतारावर जपानी तुकडी अडवायची वेळ आली. आमची माणसं दुपारभर तिथे टिकली. आम्ही भरलेली एकशे चाळीस काडतुसं त्यांच्याजवळ होती. पाच पेटली नाहीत. फुटली एकही नाही. तुकडी मागे फिरली. आमची माणसं चिखलात रांगत पुंगळ्या गोळा करून टोप्यांतून घेऊन आली, आणि पूर्वी आम्हाला कर्णफुलवाल्या म्हणून चिडवणाऱ्यांनी त्या न सांगता धुऊन दिल्या.

त्या महिन्यात मुख्य ठाण्याला माणसांची यादी पाठवायची होती. कारकुनानं आम्हा दोघींना धुणं-स्वयंपाकात घातलं होतं. एउतिकियोनं ती ओळ खोडली. कॅप्टननं विचारलं, मग काय लिहायचं?

"शस्त्रकार," तो म्हणाला. "आणि माझ्या नावाच्या वर लिहा, सर. मला जे येत नव्हतं ते त्यांनी केलंय."

मानांगला वाचता येत नसे. मी यादीतली ओळ वाचून दाखवली. तिनं कानस खाली ठेवली, हात झग्याला पुसले, आणि तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या आडनावासकट, कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.

"माझ्याखाली तुझं आहे ना?"

"आहे, मानांग."

"तेही वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. तिकडे बाहेर माणसं बसलीत."