दांड्यातली टक

"अरे, पण तुला बाहेर काढलं कुणी?" कप्तान हॅलमनं पॅव्हेलियनच्या पायरीवरच विल्फ ट्रेलोरला अडवलं. "पंचानं बोट वर केलंच नव्हतं!"

"चेंडू बॅटला लागून किपरच्या हातात गेला होता, साहेब. टक् झालेलं मी ऐकलं. आमच्या मूंटा गावात बोटाची वाट बघत नाहीत. चॅपलमध्ये प्रार्थनेला जाणारी माणसं आम्ही, लागला की आपणहून चालू पडतो."

"मग चॅपलमध्येच खेळायचं होतंस, शहाण्या! शून्यावर आलास. वखारीतली ती नोकरी आता कुठल्या तोंडानं मागू तुझ्यासाठी?"

विल्फ पायऱ्या चढून आत गेला. राज्याच्या संघातून हा त्याचा पहिलाच सामना. बऱ्यापैकी धावा झाल्या असत्या, तर लाकडाच्या वखारीत नोकरी लागणार होती, ॲडलेडला बिऱ्हाड होणार होतं आणि मूंटातली तांब्याची काळोखी खाण जन्माची सुटणार होती. बाकावर बसून त्यानं बॅट सहज जमिनीवर टेकली. टक्. पुन्हा टेकली. टक्.

बॅटचा दांडाच आतून चिरला होता, आवाज त्याचाच होता. चेंडू बॅटला लागलाच नव्हता!

हातातोंडाशी आलेला घास त्यानं स्वतःच्या हातानं टाकला होता. दुसऱ्या डावात त्याची पाळी आली नाही, आणि पुन्हा त्याला कुणी बोलावलंही नाही.

मूंटात मात्र त्याचं कोण कौतुक! "पंचाला दिसलं नाही, पण देवाला दिसलं," म्हातारे उपदेशक पेनहेल चॅपलमध्ये दर क्रिकेटच्या हंगामाला सांगायचे. "आणि आपला विल्फ चालू पडला!" लोक वळून बघायचे, बाहेर आल्यावर हात हातात घ्यायचे. विल्फला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशी वर्षं गेली, खाणीनं छातीत खोकला दिला. एकदा जेवताना त्यानं बायकोला सांगून टाकलं, "ग्रेस, मी आउट नव्हतोच गं. दांडा वाजला होता."

ग्रेसचा हात मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीवरच थांबला. "हे बाहेर कुठं बोलू नकोस बाबा. लोक मान देतात, तेवढं एकच आहे आपल्यापाशी."

ती बॅट तिनं कधीच धुण्याला घेतली होती. उकळत्या हंड्यात कपडे दाबायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणायची.

त्या सोमवारी विल्फ अंगणात उन्हाला बसला होता. धुण्याच्या खोपटातून बॅटचा आवाज आला. टक्.

कुणी काही म्हणायच्या आत तो उठला आणि आउट झाल्यासारखा मान खाली घालून घरात चालू पडला.